'इट हॅपन्ड वन नाइट' उदगीरला दाखवायचाय. निर्मितीतलं खरं किती, दंतकथा किती?

उदगीरकर_रील

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात 1934 चा 'इट हॅपन्ड वन नाइट' ठेवलाय. घरातून पळालेली श्रीमंत पोरगी आणि बसच्या प्रवासात तिच्यासोबत असलेला अनोळखी माणूस, यांची ही गोष्ट. जागा महाविद्यालयाचं सभागृह, दीडशे खुर्च्या. बी.ए.ची मुलंमुली, काही शिक्षक आणि चार-दोन निवृत्त मंडळी येतील. आधी 15 मिनिटं ओळख, नंतर अर्धा तास चर्चा.

नेटवर वाचावं तितकं कमीच, पण प्रत्येक लेखात तेच किस्से: नायक क्लार्क गेबलला शिक्षा म्हणून पाठवलं, समीक्षकांनी सिनेमा उडवून लावला, बनियनचा खप पडला. यातलं मंचावरून छातीठोकपणे सांगण्यासारखं काय आहे? निर्मितीचे आकडे, पुरस्कारांचा हिशेब आणि आपल्या प्रेक्षकाला कुठं अडेल, एवढं सांगितलंत तर लई उपकार होतील. मराठी सबटायटल आम्ही स्वतः करतोय.

---

गोदाकाठचा_प्रेक्षक (नांदेड)

निर्मितीचं मी सांगतो.

मूळ कथा सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्सची 'नाइट बस', ऑगस्ट 1933 च्या 'कॉस्मोपॉलिटन' मासिकातली. पटकथा रॉबर्ट रिस्किन, दिग्दर्शन फ्रँक कॅप्रा, छायाचित्रण जोसेफ वॉकर. कंपनी कोलंबिया. आज तिचं नाव मोठं आहे, पण तेव्हा ती हॉलिवूडच्या गरीब गल्लीतली गणली जायची. मालक हॅरी कोन. कोलंबियाकडं स्वतःचे मोठे तारे नव्हते, ते दुसऱ्या स्टुडिओकडून उसने आणावे लागत. हा मुद्दा आधी सांगा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

नायिकेसाठी मर्ना लॉयसकट अनेकींनी नकार दिला. शेवटी पॅरामाउंटची क्लॉडेट कोल्बेर तयार झाली, पण दोन अटींवर: नेहमीच्या 25,000 डॉलरच्या दुप्पट, म्हणजे 50,000 आणि चार आठवड्यांत तिला मोकळं करायचं. चित्रपटाचं एकूण बजेट सुमारे 3,25,000 डॉलर. म्हणजे साधारण 15 टक्के एकट्या नायिकेवर गेले. तिची नाखुशी उगाच नव्हती. तिचा पहिला चित्रपट, 1927 चा 'फॉर द लव्ह ऑफ माइक', कॅप्रानंच केला होता आणि तो पडला होता.

चित्रीकरण नोव्हेंबर 1933 मध्ये सुरू होऊन नाताळाच्या आत उरकलं. वेळ आणि पैसा कमी असल्याच्या खुणा पडद्यावर दिसतात, त्या मुलांना शोधायला लावा. नायिकेची सुटकेस सुरुवातीलाच बस थांब्यावर चोरीला जाते, त्यामुळं बराच वेळ ती त्याच कपड्यांत वावरते. पटकथेत याला कारण आहे (श्रीमंत पोरीजवळ काही उरू नये) आणि निर्मितीलाही सोय आहे: कोणताही प्रसंग कोणत्याही दिवशी घेतला तरी कपड्यांची सलगता बिघडत नाही. वेशभूषा रॉबर्ट कॅलॉकची. प्रसंगही बघा: बस, रस्ता, ओढा, गवताची गंजी, मुक्कामाची भाड्याची खोली. यॉट आणि शेवटचं लग्न सोडलं तर थाटमाट कुठंच नाही.

पार्श्वसंगीतही जवळपास नाही. रात्री गवताच्या गंजीपाशी किंवा खोलीत दोघं गप्प होतात तेव्हा खरोखर गप्पच होतात. आपल्याकडच्या प्रेक्षकाला व्हायोलिनची सवय, त्याला ही शांतता आधी चुकल्यासारखी वाटते. ध्वनी बंद पडलाय असं समजून कुणी ओरडू नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

---

परभणी_टॉकीज

किस्स्यांचा निवाडा:

गेबलला शिक्षा. एमजीएम या बड्या स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयर चिडला आणि त्यानं गेबलला हलक्या कंपनीत धाडलं, असं सांगतात. रागाची गोष्ट रंगतदार आहे, पण हिशेब जास्त पटतो. एमजीएमला गेबलला काम असो-नसो आठवड्याला 2,000 डॉलर द्यावेच लागत. कोलंबियाकडून 2,500 मिळत होते. बसून पगार देण्यापेक्षा आठवड्याला 500 सुटतात, तर कोण सोडेल? मंचावर दोन्ही सांगा आणि दुसऱ्यावर भर द्या.

बनियन. खोलीत गेबल शर्ट काढतो, आत बनियन नाही. त्यानंतर अमेरिकेत बनियनचा खप कोसळला म्हणतात. टक्केवारीसुद्धा छापली जाते, पण त्यामागं विश्वासार्ह आकडेवारी कुणी दाखवलेली नाही. "अशी दंतकथा आहे" एवढंच म्हणा. बनियन का नाही, याचं जे कारण सांगतात ते मात्र कामाचं आहे: पुरुष कपडे कोणत्या क्रमानं उतरवतो यावर तो बोलत बोलत एकेक कपडा काढतो. डोक्यावरून बनियन ओढायला लागला तर वाक्य मध्येच तुटतं, विनोदाची लय जाते.

नायिकेचा पाय. गाडी थांबवायला स्कर्ट वर करायला कोल्बेर आधी तयार नव्हती, म्हणून दुसऱ्या मुलीला उभं केलं आणि तिचा पाय बघून कोल्बेरनं स्वतःच करायचं ठरवलं, असं सांगतात. कॅप्रानं 1971 च्या आत्मचरित्रात असे बरेच किस्से लिहिलेत. माणूस गोष्ट सांगण्यात पटाईत, त्यामुळं प्रत्येक किस्सा जरा घासून घ्यावा. जोसेफ मॅकब्राइडनं 1992 च्या चरित्रात कॅप्राच्या बऱ्याच आठवणी कागदपत्रांशी ताडून बघितल्या आणि त्यात चांगलीच तफावत दाखवली.

सन व्हॅली. काही लेखांत कोल्बेरला नाताळाच्या सुट्टीला सन व्हॅलीला जायचं होतं म्हणून घाई, असं येतं. सन व्हॅलीचं ते रिसॉर्ट उघडलं 1936 मध्ये, चित्रीकरण 1933 चं. सुट्टीची अट खरी, जागा वगळा.

---

अंबाजोगाईकर

भाऊ, किस्से बाजूला ठेवा. तुमचा खेळ फसला तर तो चादरीमुळं फसेल.

दोघांना एका खोलीत रात्र काढायची असते. नायक दोरी बांधून मध्ये चादर टाकतो आणि तिला 'जेरिकोची भिंत' म्हणतो. ही बायबलमधली, यहोशवाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट: याजक शिंगं वाजवत शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी मारतात, सातव्या दिवशी सात फेऱ्या होतात, शिंगं वाजतात, लोक आरोळी ठोकतात आणि तटबंदी कोसळते. नायक पहिल्याच रात्री म्हणतो की आपल्याकडं तुतारी नाही. शेवटच्या प्रसंगात खेळण्यातल्या तुतारीचा आवाज येतो आणि चादर खाली पडते. ज्याला यहोशवाची गोष्ट माहीत नाही, त्याला शेवटी फक्त पिपाणी ऐकू येते आणि सिनेमा संपतो. अर्धं सभागृह एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसेल.

म्हणून 15 मिनिटांतली दोन मिनिटं जेरिकोला द्या. शेवटी काय होतं ते सांगू नका, गोष्ट तेवढी सांगा.

दुसरी अडचण कायद्याची. नायिका एली घरच्यांचा विरोध डावलून किंग वेस्टलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न करून बसलेली असते. दोघं अजून एकत्र राहिलेले नाहीत आणि बापाला ते लग्न मोडायचंय. शेवटाकडं वेस्टलीशीच थाटात लग्न लागत असतं, त्या मांडवातून ती पळते. पण पहिलं लग्न कागदावर उभंच असतं. ते रद्द झाल्याची तार येईपर्यंत चादर पडणं शक्य नाही. नायक बापाला तार करून उशीर का म्हणून विचारतो, बाप उत्तर देतो की पडू द्या भिंती. हे दोन संवाद सबटायटलमध्ये गडबडले की शेवट गेला.

आणि चादर किती वेळा येते ते मुलांना मोजायला लावा. पहिल्या मुक्कामात ती अनोळखी माणसांमधला पडदा असते. मधली रात्र उघड्यावर, गवतात जाते. तिथं चादर नाही, तरी दोघं अंतर ठेवून झोपतात. पुढच्या मुक्कामात पुन्हा चादर, आणि या वेळी एली स्वतः ती ओलांडून त्याच्याकडं येते. शेवटी पडते ती चौथी पायरी. या शेवटच्या प्रसंगात नायक-नायिका पडद्यावर दिसतच नाहीत. मुक्कामाच्या जागेचे मालक नवरा-बायको बाहेर उभे राहून बोलतात, तुतारी ऐकू येते, चादर पडते, दिवा जातो. संपूर्ण चित्रपट ज्या दोघांवर उभा, त्यांना शेवटाला पडद्याबाहेर ठेवायचं, ही हिंमत आज किती जण करतील?

---

उदगीरकर_रील

अंबाजोगाईकर दादा, जेरिकोचं अगदी बरोबर. आमच्या डोक्यातच नव्हतं. पण चादर सेन्सॉरच्या भीतीनं आली, असं दोन ठिकाणी वाचलं. ते सांगू का?

---

अंबाजोगाईकर

नका सांगू, निदान तसं नका सांगू. हेज कोड (हॉलिवूडची स्वतःची सेन्सॉर-नियमावली) 1930 पासून कागदावर होता, पण त्याची कडक अंमलबजावणी जोसेफ ब्रीनच्या हाताखाली जुलै 1934 पासून सुरू झाली. हा चित्रपट फेब्रुवारी 1934 मध्येच आला. त्या आधीच्या काळातले चित्रपट याहून कितीतरी मोकळे होते. म्हणजे चादर सक्ती म्हणून टाकलेली नाही, गोष्टीची गरज म्हणून टाकलीय. एली तिचे कपडे चादरीवर वाळत टाकते आणि नायक म्हणतो की ते तिथून काढ. नुसती लाज राखायची असती तर हा संवाद कशाला लिहिला असता? पुढं सेन्सॉर कडक झाल्यावर लेखकांना आडून सुचवायची जी पद्धत शिकावी लागली, तिचा नमुना इथं आधीच तयार होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेलनं 1981 मध्ये या जातीच्या सात हॉलिवूड विनोदी चित्रपटांवर पुस्तक लिहिलं, त्यात याच्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. ती चादर म्हणजे सिनेमाचा पडदाच, जो काही लपवतो आणि लपवल्यामुळंच दाखवतो, असा त्याचा रोख. शिक्षक मंडळी असतील तर हा धागा पुरवून वापरा. बी.ए. पहिल्या वर्षाला जड जाईल.

---

सिनेपोथी (छ. संभाजीनगर)

आता समीक्षा आणि पुरस्कार.

"समीक्षकांनी झिडकारला आणि मग चमत्कार झाला" ही मांडणी खोटी आहे. 22 फेब्रुवारी 1934 ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला, दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मॉर्डंट हॉलनं चांगलंच लिहिलं. परीक्षणं वाईट नव्हती, धंदा सुरुवातीला बेताचा होता. रेडिओ सिटीत एकच आठवडा चालला. मग लहान गावांत आणि दुसऱ्या फेरीच्या थेटरांत लोक पुन्हा पुन्हा बघायला लागले. त्याला कारण आहे. मंदीचे दिवस. पडद्यावर रात्रीची बस, भुकेनं बेशुद्ध पडलेली बाई, तिचं रडणारं पोर, आणि नायक-नायिकेच्या जवळचे पैसे त्याच पोराच्या हातात जातात. पुढं कच्ची गाजरं खाऊन दिवस काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या थेटरापेक्षा लहान गावच्या प्रेक्षकाला हा प्रवास जवळचा होता. लातूर-मुंबई रातराणीत मागच्या सीटवर रात्र काढलेल्याला बसमधले प्रसंग समजावून सांगावे लागणार नाहीत.

शेवटचा हिशेबही दाखवा: मुलीसाठी बापानं 10,000 डॉलरचं बक्षीस लावलेलं, आणि नायक बापाकडं मागतो खर्चाचे 39 डॉलर 60 सेंट, तेही बाबवार. नायकाचा सगळा स्वभाव त्या आकड्यात बसलाय. रिस्किनच्या पटकथेतलं माझ्या मते सर्वांत चोख कलम.

वर्षअखेरीस नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूनं त्याला 1934 चा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. ऑस्करचा सातवा सोहळा 27 फेब्रुवारी 1935 ला, लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात. पाच नामांकनं, पाचही पुरस्कार: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, रूपांतरित पटकथा. या पाचांचा संच मिळवणारा हा पहिला. नंतर 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' (1975) आणि 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (1991) या दोघांनाच तो जमला. कोलंबियाचा हा पहिलाच सर्वोत्तम चित्रपट.

एक बारकावा, जो कुणी सांगत नाही: तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाच्या गटात 12 नामांकनं होती, पण दिग्दर्शक, अभिनेता आणि रूपांतरित पटकथा यांत प्रत्येकी तीनच. आजच्या पाच-दहाच्या गर्दीशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा. शिवाय त्या वर्षी 'ऑफ ह्यूमन बाँडेज'साठी बेटी डेव्हिसला नामांकन नाही म्हणून एवढा गदारोळ झाला की अकादमीनं यादीबाहेरचं नाव मतपत्रिकेवर लिहायला परवानगी दिली. तरीही जिंकली कोल्बेर. ती इतकी बेफिकीर की न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर गेलेली. तिथून तिला आणलं आणि प्रवासाच्या कपड्यांतच तिनं पुरस्कार घेतला.

नंतरची मोजमापं: 1993 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत नोंद. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभरांच्या यादीत 1998 ला 35 वा, 2007 ला 46 वा. विनोदी चित्रपटांत 8 वा (2000), रोमँटिक कॉमेडीत 3 रा (2008). नऊ वर्षांत अकरा पायऱ्या खाली आला म्हणून चित्रपट खराब झाला नाही, तेव्हा असल्या याद्या एका वाक्यात उरका. गेबलचा ऑस्कर पुतळा 1996 मध्ये लिलावात 6,07,500 डॉलरला गेला. तो स्पीलबर्गनं घेऊन अकादमीला परत दिला. मुलांना हे आवडतं.

---

बीडची_निरीक्षक

एक राहिलं. बापासमोर नायक म्हणतो की हिला असा नवरा पाहिजे जो रोज एकदा ठोसा मारेल, चूक असो नसो. ओढा ओलांडताना तिला खांद्यावर टाकून तो फटकाही देतो. आजच्या मुली हे गिळणार नाहीत आणि गिळूही नये. चर्चा घेणाऱ्यानं "त्या काळी असंच होतं" म्हणून विषय मिटवला तर अर्धा तास वाया.

विचारायचं असं: चित्रपट त्या वाक्याच्या बाजूनं आहे का? एली यॉटवरून समुद्रात उडी मारते, गाडी थांबवण्यात नायकाचा अंगठा हरतो आणि तिचा पाय जिंकतो, चादर तीच ओलांडते, मांडवातून तीच पळते. कृती सगळ्या तिच्या, व्याख्यानं सगळी त्याची. पण शेवटाला मुलगी बापाच्या संमतीनं एकाकडून दुसऱ्याकडं जाते, हेही खरं. दोन्ही बाजूंना माल आहे.

'चोरी चोरी' (1956, दिग्दर्शक अनंत ठाकूर) आणि 'दिल है के मानता नहीं' (1991, महेश भट्ट) हीच गोष्ट आहेत, हे ओळख करून देताना सांगू नका, चर्चेत काढा. 'आजा सनम मधुर चाँदनी में हम' म्हटलं की निवृत्त मंडळी बोलायला लागतील. तिथून प्रश्न: मूळ चित्रपट जिथं गप्प बसतो, तिथं हिंदीत गाणं येतं, तर त्या प्रसंगाचं काय होतं? शंकर-जयकिशनला 'चोरी चोरी'साठी फिल्मफेअर मिळालं, म्हणजे गाणी काही भरतीची नव्हती.

---

प्रोजेक्टरवाला_लातूर

तांत्रिक बाजू कुणीच घेतली नाही.

चित्रचौकट (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) 1.37 ला 1. आजचे प्रोजेक्टर 16:9 धरून चालतात आणि 'फुल' वर असले तर चित्र आडवं ताणतात, गेबल जाडा दिसतो. सेटिंग 'ओरिजिनल' किंवा 4:3 च्या जवळचं ठेवा. व्हीएलसीमध्ये 'ए' दाबून प्रमाण बदलतं. पडदा 10 फूट रुंद आणि 16:9 असेल तर उंची साधारण 5 फूट 7 इंच, म्हणजे चित्राची रुंदी 7 फूट 9 इंचाच्या आत येईल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. कडेच्या खुर्च्या सोडून द्या.

ध्वनी मोनो. 'मूव्ही' किंवा 'सराउंड' मोड बंद, बास वाढवू नका. दोन स्पीकर असतील तर पडद्याखाली जवळजवळ ठेवा. संवाद वेगात आहेत आणि छताचे पंखे त्याच पट्टीत घुमतात. उन्हाळ्यात पंखे बंद करणं शक्य नाही, म्हणून स्पीकर कानाच्या उंचीवर आणा. खिडक्यांना काळं कापड असलं तरी दुपारचा खेळ टाळा, रात्रीच्या प्रसंगांतली करडी छटा उडून जाते. साडेसातनंतर ठेवा.

अमेरिकेतून ब्लू-रे मागवणार असाल तर रीजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालेल, त्याचा कोड) बघा. तिकडची ए, भारत सी मध्ये, साध्या प्लेअरवर चालत नाही. आणि घरी बघायच्या डिस्कमध्ये जाहीर खेळाची परवानगी येत नाही. हक्क कोलंबियाचे, म्हणजे आज सोनीकडं, ते आधी विचारा.

लॅम्पवाला प्रोजेक्टर असेल तर वीज गेली की पंखा थांबतो आणि गरम लॅम्प खराब होतो. 300 वॅटचा प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून 600 व्हीएचा यूपीएस तोकडा पडतो, 1 केव्हीए घ्या.

आता सबटायटल. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. काही जुन्या मीडिया प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी बसते, म्हणून लॅपटॉपवरूनच चालवा. एका वेळी दोन ओळी, ओळीला 35-40 अक्षरांच्या आत. भांडणाच्या प्रसंगात शब्दाला शब्द लिहीत बसलात तर वाचता वाचता विनोद निघून जातो, निम्मं कापा.

सर्वांत जास्त घोळ वेगाचा. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम या वेगानं 105 मिनिटांचा. पॅल (25 फ्रेमच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवरून काढलेली प्रत 25 फ्रेमनं पळते आणि 101 मिनिटांत संपते. एका प्रतीवर बांधलेलं सबटायटल दुसऱ्यावर लावलं तर सुरुवातीला जुळतं आणि शेवटी चार मिनिटं घसरतं. पुढं-मागं सरकवून हे सुटत नाही, 'सबटायटल एडिट'मध्ये फ्रेम रेट बदलावा लागतो. चाचणी घेताना सगळे पहिली दहा मिनिटं बघून उठतात. तुम्ही शेवटची दहा बघा, तारेचे ते दोन संवाद तिथंच आहेत.